पत्तेवाल्या बाई

प्राथमिक शाळेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. जेवायला बसलं की मध्येच एखादा आठवतो आणि ठसका लागतो! आमचे हे म्हणतात, "आधी घास गिळ, मग सांग." आता जेवण झालंय, तर सांगतेच.

माझी पहिली नेमणूक अड्याळच्या पलीकडे एका लहानशा गावात. सत्तर-पंचाहत्तरच्या मधली गोष्ट. पहिलीचा वर्ग माझ्याकडे. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, यांची शिकवायची पद्धत एकच. "वीस वेळा लिवा!" पोरं वीस वेळा लिहायची आणि एकविसाव्या वेळी चुकायची. काही तर शाळाच सोडायची.

म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत पुठ्ठे कापले, त्यांवर जुन्या कॅलेंडरचा कागद भाताच्या खळीनं चिकटवला आणि एकेकावर एकेक अक्षर काढलं. झाले अक्षरांचे पत्ते! अक्षरं उलटसुलट द्यायची, पोरांनी ती लावून कामाचा शब्द करायचा. हस, धर, पळ, लोट. नियम एकच. ज्यानं शब्द लावला, त्यानं ते काम करून दाखवायचं!

पहिल्याच दिवशी एका पोट्ट्यानं 'पळ' लावला. आणि पळाला! सरळ घरी. जेवूनखाऊन, तोंड पुसत दुपारी परत आला.

"कुठवर पळाचं थे तुमी सांगतलंच नाई, बाई!"

* * *

'झोप' मी सगळ्या वर्गाला एकदम दिला, तो माझा गाढवपणा. चाळीस पोरं जमिनीवर आडवी! तेवढ्यात मोठे गुरुजी दारात.

"काय होऊन राहिलं हे?"

"लेखन," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

गुरुजींनी एकाला हलवलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "हळू बोला ना गुरुजी, अभ्यास चालू हाये!"

गुरुजी असे भडकले! "पुढच्या महिन्यात साहेब तपासणीले येऊन राहिले. साहेबांनी नाई म्हटलं का तुमचे हे पत्ते चुलीत, अन् पुन्हा वीस वेळा!"

'वीस वेळा'च्या धाकानं शाळा सोडलेली सात पोरं या पत्त्यांपायी परत आली होती. ती पुन्हा पळाली असती, आणि या खेपेला जेवून परत आली नसती.

* * *

त्यात बकरीनं घात केला. पुठ्ठे ओले झाले म्हणून उन्हात ठेवले होते. भाताची खळ ती! बाईसाहेबांनी नेमके सगळे 'ळ' खाल्ले. आठवडाभर वर्गात पळणं बंद, खेळणं बंद, गिळणं बंद.

वर्गात बेबी नावाची पोरगी होती. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत खमकी. तिनं पाटीवर 'प' काढला आणि शेजारी बकरी.

"हे काय गं?"

"पळ," ती म्हणाली. "ळ तिच्या पोटात हाये!"

मी पूर्ण मार्क दिले.

* * *

एक दिवस सुखराम नावाचा एका पोराचा बाप आला. शेताला पाणी लावून तसाच, पायाला चिखल.

"बाई, आमच्या पोट्ट्याले काम सांगतलं का म्हणते, आधी अक्षरं दे! मी अंगठेवाला माणूस, अक्षरं कुठून आणू?"

मी त्याला पाटीवर 'आण' शिकवलं. खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"बाई, आता 'बस' कसा लिवते थे सांगा. पोट्टं कालपासून पाणी आणूनच राहिलं!"

* * *

आणि तपासणीचा दिवस उजाडला. साहेब खुर्चीत बसले. पोरांनी एकूण एक शब्द लावले. हसली, उड्या मारल्या, एकमेकांना ओढलं. साहेबांचं शेरेबुक तसंच कोरं!

मोठ्या गुरुजींना जोर चढला. "पोरखेळ हाये, साहेब. याच्यात शिक्षण कायचं? कोणीई लावील!"

"मग लावा की," साहेब म्हणाले.

बेबीनं उठून गुरुजींच्या पुढ्यात दोन पुठ्ठे ठेवले. एक 'च', एक 'ना'.

गुरुजींनी पाहिलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. लावावं तर नाचावं लागणार. न लावावं तर हेडमास्तरला साहेबांसमोर दोन अक्षरं येत नाहीत! पुठ्ठे इकडे सरकव, तिकडे सरकव. चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "चना!"

"चना काय काम होय, गुरुजी?" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "गुरुजी, पहिलीचा शब्द आहे."

बेबीला कीव आली. तिनं पुठ्ठे सरळ लावून दिले आणि गुरुजींच्या हातावर थोपटलं. "येते हो गुरुजी तुमाले, घाबरू नोका. आता करा."

गुरुजींनी टोपी काढून माझ्याकडे दिली. धोतराचा सोगा खोचला. खिडकीत अर्धं गाव जमलं होतं.

जाताना साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "खेळ पुढे चालू ठेवावा. मुख्याध्यापकांची तयारी विशेष उल्लेखनीय."

शेऱ्याखाली मुख्याध्यापकांची सही लागते. गुरुजींनी धापा टाकत केली.