बिरड्यात गेलेली खोडं

खोड कसं लांबतं ते फळ्यावर नाही, सोमवारी वर्गात प्रत्यक्षच दाखवते, असं मी प्राचार्यांना मोठ्या तोंडाने सांगून बसले. ते म्हणाले, "मग मीही येतो." उरणच्या त्या कॉलेजात मी नवी, नोकरी अजून कच्ची, आणि जीभ माझी ही अशी.

घरी कपाटाच्या अंधारात मी वाल रुजवले होते. अंधारात त्यांची खोडं पांढरी आणि लांबसडक होतात. रविवारी त्यांचे तुकडे केले, दोऱ्याने दोन ग्लासांत टांगले आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला साडीची पिन अडकवली. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात आमसुलाचं. आंबटपणामुळे पेशींच्या भिंती सैल पडतात, पिनेच्या वजनाने ताण बसतो आणि खोड लांबतं, एवढीच गंमत. ग्लास ओट्यावर ठेवून मी निर्धास्त झोपले.

सकाळी बघते तर ओट्यावर ग्लास पालथे, शेजारी धुतलेल्या पिना आणि गॅसवर बिरडं रटरटतंय.

"आई, ग्लासातलं काय केलंत?"

"वालाचं मोड, त्यात आमसुलाचं पानी. बिरडं न्हाय तर काय करतात गो त्याचं?" सासूबाई म्हणाल्या. "भिजवलेलं वाल होतं, त्यात टाकलं. पिना कशाला लावल्या ते मात्र न्हाय समजलं. काढून ठेवल्या हायत."

मला रडूच फुटलं. रागही आला, पण काढणार कोणावर? आमच्या भागात आंबट पाण्यातला वाल बघून दुसरं काही सुचेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. बिरड्याचा डबा घेऊन कॉलेजात गेले आणि प्राचार्यांना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

"पुढच्या सोमवारी दाखवा," ते म्हणाले. "आणि डबा इथेच राहू द्या."

पुढच्या रविवारी सासूबाई स्वतःच ओट्यापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. नवऱ्याला पाणी प्यायलासुद्धा तिकडे फिरकू दिलं नाही. सकाळी मी पट्टी लावली. आमसुलाच्या पाण्यातली खोडं खरंच जास्त लांबली होती! मी आनंदाने ओरडलेच. सासूबाईंनी चष्मा लावला, दोन्ही ग्लास उजेडात धरून निरखले.

"वाढलंय खरं," त्या म्हणाल्या. "पन चौघांना पुरायचं न्हाय."