हिरामणच्या हातातली तीन पानं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या मालनताईचे मिस्टर सावळीराम, सरकारी कचेरीत क्लार्क. ताईने आज कुठल्या रंगाची साडी नेसलीय ते विचारा, सांगता यायचं नाही. पण पत्ते खेळताना समोरच्याच्या हातात काय आहे ते बरोबर ओळखणार.

"ताईकडे पण कधी एवढं निरखून बघा की दाजी," मी म्हणायचे.

"तिच्याकडे बघून काही कळत नाही," म्हणायचे. ताई आतून भांडं आपटायची.

कचेरीत डबे संपले की मागच्या पायरीवर तीन पत्ती चालायची. पैशांवर नाही हं, चिंचोक्यांवर. दाजी घरी मला शिकवायचे, "राणीची जोडी आली तर शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी वेळा आपण भारी. पण कधी? समोर कुठलीही पानं असतील तर. माणूस कुठल्याही पानांवर बसतो का? भिकन जोडी नसली तरी बसतो. हिरामणला जोडी लागते. आणि हिरामणने एकदम दुप्पट लावले की त्याच्याकडे निदान सिक्वेन्स, ओळीतली तीन पानं, असणार. मग राणीची जोडी घेऊन काय चाटायचीय?"

भिकन कचेरीतला शिपाई. हिरामण म्हणजे दाजींच्या शेजारच्या टेबलावरचा, निफाडचा. अकरा वर्षं रोजचा भिडू.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये या दोघांतल्या एकाला बदलीवर लांब पेठला, डोंगरात, पाठवायचं ठरलं. साहेब म्हणाले, कोण जाणार ते तुम्हीच ठरवा, मला सोमवारी नाव द्या. दाजींची स्नेहा दहावीत, गणितात कच्ची, आणि रोज संध्याकाळी दाजीच घेऊन बसायचे तिला. हिरामणची आई लकव्याने खाटेवर. सकाळ-संध्याकाळ तो उठवणार तेव्हा ती उठणार. आता कोण कुणाला म्हणणार, तू जा म्हणून?

हिरामणच बोलला, "भाऊ, पत्त्यांवर सोडू. तीस-तीस चिंचोके. ज्याचे संपले तो पेठला."

दाजींना आनंदच झाला. मला म्हणाले, "त्याचा हात मला पाठ आहे."

"दाजी, सांभाळून," मी म्हटलं. "ताईचा हातही पाठ आहे म्हणून लग्न केलं होतंत."

शनिवारी कचेरी लवकर सुटली आणि दोघं पायरीवर बसले. भिकन मध्ये बसून पत्ते वाटत होता. पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं. बराच वेळ बरोबरीत चाललं. मग एका डावात दाजींना राणीची जोडी आली. दोघांनी पानं बघितली, चाल वाढत गेली. दाजींचे तेवीस मध्ये पडले, सात उरले. हिरामणने पानं पालथी ठेवली आणि एकदम दुप्पट लावले.

दाजी थांबले. भिकन म्हणतो, कपाळावर घामबिम काही नाही, बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे बसले होते. अकरा वर्षांत हिरामणने सिक्वेन्सच्या खाली दुप्पट लावलेले नाहीत. म्हणजे जोडी गेली. सात तरी वाचवावेत.

"पॅक," दाजी म्हणाले आणि पानं टाकून दिली.

ते सात पुढच्या दोन डावांत गेले.

सगळं संपल्यावर दाजींनी विचारलं, "मघाशी काय होतं रे? माझ्याकडे राणीची जोडी होती."

हिरामणने मान खाली घातली. "सत्ती, नव्वी, गुलाम. रंगसुद्धा एक नव्हता."

घरी आले ते माझ्यासमोर बसून परत पहिल्यापासून मांडायला लागले. "हिशोब बरोबर होता. कुठे चुकलं तेच कळत नाही."

ताई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, अकरा वर्षं तो चिंचोक्यांसाठी खेळत होता. आज आईसाठी खेळला. तो हिरामण तुम्ही कधी बघितलाय?"

मी त्या दिवशी दाजींना चिडवलं नाही, पोळ्या भाजायला घेतल्या.

साहेबांना नाव दिलं, त्याच्या पुढच्या सोमवारी पेठच्या गाडीवर ट्रंक पोचवायला हिरामण स्वतः आला. ट्रंक सीटखाली ढकलत म्हणाला, "भाऊ, मी आधीच हात जोडून मागितलं असतं, तर तुम्ही गेला असता का पेठला?"

दाजींनी नीट विचार केला. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला.

"नसतो गेलो," म्हणाले.

"मला पण तेच वाटलं होतं," हिरामण म्हणाला आणि खाली उतरला.