पलसाण्याचा श्रोता

बँकेत असताना मी रिकाम्या सकाळींची स्वप्नं पाहत होते. निवृत्त झाले आणि भेस्तानच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या सुरू झाल्या. नवरा म्हणायचा, "अगं, टेक ना जरा कुठेतरी." टेकले तरी पाय हलतच राहायचे.

अशातच मोबाइलवर एक इंटरनेट रेडिओ सापडला. रविवारी सकाळी त्यावर सत्तरच्या दशकातली इंग्रजी रॉक गाणी लागायची. कॉलेजात मैत्रिणीच्या टेपवर ही गाणी ऐकून मी वेडी झाले होते. लग्नानंतर हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

श्रोत्यांचा एक ग्रुप होता. निवेदक पुढचं गाणं कोणतं ते आधी तिथे लिहायचा, मग सगळे तुटून पडायचे. कुणाला गिटार आवडायची, कुणाला गायकाचा फाटलेला आवाज. सगळ्यांत उत्साही होते आमच्या जवळच्याच पलसाणा गावचे एक गृहस्थ. "पलसाणा हजर!" असं लिहून सुरुवात करायचे आणि गाणं संपेपर्यंत थांबायचे नाहीत.

एका रविवारी निवेदकाने लिहिलं एक गाणं आणि काहीतरी गडबड होऊन लागलं दुसरंच. पलसाण्याचे गृहस्थ मात्र पहिल्याच गाण्यातल्या गिटारचं कौतुक करत राहिले. कुणीतरी टोमणा मारला, "काका, कान कुठे विसरलात?"

त्यानंतर पलसाणा गप्प झालं. पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ओळख ना पाळख, पण मला काही सुचेना. शेवटी ग्रुपवरच्या त्यांच्या नंबरवर फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला. "तुम्हीच या," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याला घेऊन गेले. ते गृहस्थ मूळचे अमरावतीकडचे. कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये खडखडणारी मशिनरी सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. मी नमस्कार केला तर मोठ्याने म्हणाले, "जोरात बोला ताई, मले आयकू येत नाही."

"मग गाणी?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला. "ढोल कळते हातातून. बाकी सारं डोक्यात आहे. गाणं कोणतं ते समजलं, की आतल्या आत वाजवतो. त्या दिवशी फसलो." ते हसले, पण नजर खाली गेली. "आता लोकांत तोंड कसं दाखवावं?"

मी म्हणाले, "मी लिहून कळवत जाईन. काय वाजतंय ते, जसं वाजतंय तसं."

बोलून बसले, पण काम अवघड निघालं. आता रविवारी मी त्यांना वेगळे मेसेज पाठवते. गिटार आली, वर चढली, मागे घंटेसारखं काहीतरी आहे. एवढं लिहीपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. बोटं अडखळतात, शब्द मिळत नाहीत. खुर्चीवर बसून हे जमत नाही म्हणून ओट्यापाशी उभी राहूनच टाइप करते. नवऱ्याने चहा आणून ठेवलेला तसाच निवतो.

ग्रुपवर ते परतलेत. आपल्या कानांचं त्यांनी स्वतःच तिथे लिहून टाकलं. टोमणा मारणाऱ्याने माफी मागितली. पण मला उसंत नाही. परवाच मी एका शब्दावर अडले होते, तर त्यांचा मेसेज आला, "ताई, लवकर लिवा! हाताखाली ढोल बदलले, तिकडं काय चाललंय?"