पॅराशूट कोंबायची सोलापुरी पद्धत

आमच्या सोलापुरात पाहुण्याची बॅग बंद होत नसली की घरात उत्साह संचारतो. एखादा जाणता माणूस पुढं येतो, बॅगेवर गुडघा रोवतो, "बसतंय की!" म्हणतो आणि आधीच फुगलेल्या बॅगेत आणखी एक चादर कोंबून चेन ओढतो. आपल्या गावी पोचल्यावर ती बॅग उघडताना त्या पाहुण्याची काय गत होते, चेन तुटते की काय, याची चौकशी आजवर कुणी केलेली मला आठवत नाही. आपल्या दारात बंद झाली ना, मग झालं.

माझे बाबा जन्मभर चादरींच्या दुकानात बसले, त्यामुळं या शास्त्रातले अधिकारी पुरुष. त्यांच्याहून वरचढ एकच, मैंदर्गीचे माझे मामा. मामा नुसत्या बॅगा बसवत नाहीत, माणसंही बसवतात. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलीत. त्या पोरींचं पुढं काय झालं, असं विचारलं की त्यांना लगेच एसटीची वेळ आठवते.

गेल्या दिवाळीत मामा आले ते माझ्यासाठी स्थळ घेऊनच. मी तिशी ओलांडलेली, पुण्यात नोकरीला, आणि वर विमानातून उड्या मारायचा नाद. थायलंडला जाऊन रीतसर शिकून आले होते. बाबा मात्र गल्लीत "ऑफिसचं ट्रेनिंग होतं" असंच सांगत फिरायचे. स्थळ मंगळवेढ्याचं. मुलगा बँकेत, माणसं चांगली, फक्त मी नोकरी सोडायची, उड्या बंद करायच्या आणि तिथं जाऊन राहायचं. फक्त! बाबांनी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता. बाबा "बघू" म्हणत होते, आणि आमच्या बाबांचं "बघू" म्हणजे होच असतं. मला इतका संताप आला होता की मी फराळाला हातसुद्धा लावला नाही.

भांडण टाळायचं म्हणून मी हॉलमध्ये माझं सामान पसरलं. पॅराशूटचं कापड म्हणजे कॅनॉपी, आणि ती घडी करून पाठीवरच्या ज्या दप्तरात भरतात तो कंटेनर. कॅनॉपी किती मोठी घ्यायची हे माणसाचं वजन आणि अनुभव बघून ठरतं. माझ्यासारख्या नवखीला एकशेनव्वद चौरस फुटांची लागते, असं माझ्या प्रशिक्षकानं बजावलं होतं. कंटेनर मी एका बाईकडून ऑनलाइन जुना घेतला, तो दीडशेच्या कॅनॉपीसाठी शिवलेला. "थोडं टाइट जातं, पण जातं," असं तिनं कळवलं होतं. ती बाई सोलापूरची नव्हती, पण शोभली असती. मला शंका होतीच. घरी एकदा ताडून बघायचं आणि परत पाठवून द्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"परत?" मामा सोफ्यावरून उठलेच. "घेतलेली वस्तू परत करतात व्हय? बसतंय की!"

"मामा, ते कोंबायचं नसतं. माप जुळावं लागतं. लहान कॅनॉपी मोठ्या कंटेनरात घातली तर ढिली राहते, भलत्याच वेळी उघडते. मोठी लहानात घातली तर हवी तेव्हा उघडत नाही."

"लई पुस्तकी बोलतीस तू. दाजी, या हिकडं!"

बाबांनी बाह्या सरसावल्या. एरवी या दोघांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही, पण कोंबायचं म्हटल्यावर काय विचारता! मामा कॅनॉपीवर पोट टेकून लोळले आणि तिच्यातली हवा काढली. बाबांनी दुकानातली ती खास घडी घातली. मग दोघांनी मिळून ते बोचकं कंटेनरात लोटलं आणि मामांनी गुडघा रोवला. कंटेनरच्या पाकळ्यांना भोकं असतात, त्यांतून दोरीचा एक फास वर काढून त्यात पिन सरकवायची असते. फास काही वर येईना. मामांनी आईकडं पायजम्याची नाडी मागितली, ती फासात ओवली आणि "यव्वा!" असं ओरडत ओढली. आई चकलीचा डबा हातात धरून दारातूनच बघत होती. शेवटी बाबांनी पिन सरकवली.

"बसलं का न्हाय?" मामांनी घाम पुसला. बाबांच्या तोंडावर लग्नसराईच्या गिऱ्हाइकीचं तेज आलं होतं.

"झकास," मी म्हणाले. "आता घाला पाठीवर."

"मी?"

"तुम्ही बसवलंय, तुम्हीच उघडा. कमरेमागं मूठ आहे. ती ओढली की तिची पट्टी ताणली जाते, पिन निघते आणि कॅनॉपी बाहेर येते. वर आभाळात हे सगळं एका हातानं, एका झटक्यात व्हावं लागतं."

छातीवरचा पट्टा मामांना पुरेना, तो तसाच लोंबत ठेवला. त्यांनी मूठ ओढली. काही नाही. मग दोन्ही हात मागं नेऊन ओढली आणि ओढता ओढता शेपटी धरायला निघालेल्या कुत्र्यासारखे हॉलभर गोल फिरले. मग मामांनी दाराची चौकट धरली आणि मूठ बाबांनी ओढली. टीपॉय उलटला, फराळाची ताटली पालथी झाली, शेजारच्या काकू खिडकीत आल्या. पिन ढिम्म.

"हितं न्हाय निघत," मामा धापा टाकत म्हणाले, "पण वर वारं असतंय की. वाऱ्यानं निघंल."

मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मूठ सोडून दिली होती आणि तळहातावर उठलेला वळ बघत उभे होते.

"आणि वर असंच झालं तर?"

"राखीव छत्री असते, बाबा."

"ती पण न्हाई उघडली तर?"

मी उलटलेला टीपॉय सरळ करायला लागले. बाबा खाली बसले. गल्लीत ट्रेनिंगच्या थापा मारणाऱ्या या माणसाला मी वर नेमकं काय करते हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आईनं कात्री आणून फास कापला. कॅनॉपी भसकन फुगली आणि मामांच्या मागं जमिनीवर पसरली.

चहा आला. पट्टे काढून मामा सोफ्यावर टेकले. या माणसाला लाज म्हणून नाहीच.

"बरं दाजी, मंगळवेढ्याला काय सांगू? घर जरा लहान हाय, माणसं लई हायती. पण पोरगी थोडी दबून राहिली तर बसतंय की."

बाबांनी कपबशी खाली ठेवली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तितं गेल्यावर हिला निघावंसं वाटलं आणि निघता येईना, तर ओढायला तुमी येणार हाय का?"

मामा बशीतला चहा फुंकायला लागले.

"न्हाई म्हणून कळवा त्यास्नी."

मामांना एसटीची वेळ आठवली. आईनं रिवाजाप्रमाणं त्यांच्या बॅगेत एक चादर घातली. चेन अर्ध्यावर अडली. मामांनी सवयीनं बाबांकडं बघितलं. बाबा सोफ्यावर बसून कॅनॉपीची घडी घालत होते, ते जागचे हलले नाहीत.

"काढा ती बाहेर," आई म्हणाली, "आणि काखेत धरून न्या."