फुग्यावरची दाढी

आमचे काका गेले. लोक भेटायला येतात, म्हणतात फार खंबीर माणूस. खंबीर कसले! काकी गेल्या आणि काकांचा हात थरथरायला लागला. न्हाव्याचा हात थरथरला म्हणजे संपलंच की सगळं.

आधी कुणाला कळलं नाही. मग पोस्टमनच्या हनुवटीला वस्तरा लागला. जुना माणूस, टॉवेल दाबून म्हणाला, "दाढी करा म्हटलं होतं, मान नव्हती सांगितली." सगळे हसले, काका नाही हसले. तेव्हापासून गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीकडं सरकायला लागलं. ती पप्पांची, काकांच्या धाकट्या भावाची.

पप्पा म्हणाले, "दादा, तू नुसते केस काप मशीननं. दाढीला एक माणूस बघितलाय, सोमवारी येतोय."

"माझ्या खुर्चीवर?"

"मग कुणाच्या?"

काका उठले. बाजारात जाऊन फुगे घेऊन आले. नवीन पोरगं शिकायला आलं की त्याला फुगा देतात, फेस लावायचा, वस्तऱ्यानं काढायचा, फुटला तर गिऱ्हाईक मेलं. पप्पांनाही काकांनी असंच शिकवलेलं. आता दुपारी दुकान बंद करून काका स्वतःच बसले. फाट! फाट! शेजारचा चहावाला ओरडायचा, "काका, आज किती गेले?"

"अख्खं घराणं!"

पण फोडता फोडता काकांना एक कळलं. हात सारखा थरथरत नाही. मधेच काकी आठवतात, थरथर येते, आणि ती लपवायला काका घाई करतात. त्या घाईत फुटतो. मग लपवणंच सोडलं. आली की वस्तरा वर, कोपर खुर्चीला टेकवायचं, मोठ्यानं म्हणायचं, "आली." गेली की पुढं. फुगे वाचायला लागले. पण फुग्याला गळा नसतो.

रविवारी पप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि स्वतः काकांच्या खुर्चीत बसले. "कर."

"वेड लागलं का तुला?"

"कर म्हणतो ना."

एक बाजू नीट झाली. दुसऱ्या बाजूला कानाखाली वस्तरा आला आणि काका म्हणाले, "आली." वस्तरा हवेत धरला. पप्पांनी डोळे गच्च मिटले.

"गेली का?"

"बोलू नको, गळा हलतो."

थांबले. परत टेकवला, आणि तरी लागलाच जरासा.

"रक्त आलं?"

"आलं." काकांनी वस्तरा पुसून खाली ठेवला. आता उचलणार नाहीत असाच ठेवला.

पप्पांनी डोळे न उघडता हात लांब करून तुरटीचा खडा घेतला, लावला, तोंड वाकडं केलं. "ठेवलास का? अर्धी दाढी घेऊन घरी जाऊ होय?"

काकांनी वस्तरा उचलला. दुपारी पप्पांनी त्या माणसाला फोन करून येऊ नको सांगितलं. थरथर काही गेली नाही, शेवटपर्यंत होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका आधीच सांगायचे, "मधे थांबलो तर हलायचं नाही हं."