हापूसची पेटी आणि माझी तोंडी परीक्षा

डॉक्टरीच्या पहिल्याच परीक्षेत ॲनाटॉमीत आपटलो आणि मुंबईहून रत्नागिरीला आलो तो तोंड लपवूनच. एसटी स्टँडवरच कुणीतरी हटकलं, “काय डॉक्टर, सुट्टी वाटतं?” होय म्हटलं. दुसरं काय सांगणार, कपाळ!

जवळच पावस गावात आमची हापूसच्या कलमांची बाग. मे महिना, आंबा उतरवायची धांदल, आणि मी पडवीत पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला. पुस्तक नुसतं मांडीवर. पेट्या भरायच्या खोपीत जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी असायची. मी आणि शेजारचा एक शाळासोबती, दोघं जगभरातल्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडायचो. मग डोळे मिटून रद्दीतला एक अंक ओढायचा. त्यातल्या धावफलकात ज्याच्या खेळाडूंच्या धावा जास्त, तो जिंकला. कुठल्या फलंदाजाची सरासरी किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मनगटातली हाडं मात्र कधी आठ भरायची, कधी सात.

वर धंद्यावर प्रवचन द्यायला मी मोकळाच. “बाबा, दलाल कशाला पोसता? हॉस्टेलवर मी खपवतो की पेट्या.”

“आधी पास तर हो रे, मग दुकान मांड,” बाबा म्हणायचे.

एके दिवशी बाबा कुठे दिसेनात. आईला विचारलं. “मुंबईला गेलेत, तुझ्या सरांना भेटायला. निवडक फळाची पेटी नेलीय,” ती म्हणाली. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. फेरपरीक्षेची तोंडी तेच घेणार होते!

आमच्याकडे मे महिन्यात कुणाच्याही घरी जायचं तर आंबे घेऊनच, मग तो मास्तर असो, तलाठी असो की व्याही. पण परीक्षकाकडे? पोर नापास झालेलं, परीक्षा तोंडावर, आणि बाप हापूस घेऊन दारात उभा. वर्गात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“अगं, लाच झाली ही! अक्कल गहाण टाकलीत काय तुम्ही?” मी आईवर खेकसलो.

“रिकाम्या हातानं कसं जायचं रे कुणाकडे?” ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

बाबा परत आले ते तीच पेटी खांद्यावर घेऊन. सरांनी ती घेतली नव्हती. अंगणात गडीमाणसं होती, तरी मी तोंड सोडलं. “परीक्षा म्हणजे बाजार वाटला काय तुम्हाला? नाक कापलंत माझं!” बाबा पाणी प्यायले. “बरं. अभ्यास कर,” एवढंच म्हणाले. मग मात्र मी पुस्तक धरलं, पण ते सगळं रागाच्या भरात.

जूनमध्ये तोंडी झाली. सरांनी आधी हाड हातात दिलंच नाही. “तुझे वडील आले होते,” ते म्हणाले.

“माफ करा सर,” मी घाईघाईनं म्हटलं. “खेडवळ माणूस आहे, कळत नाही त्यांना.”

सर म्हणाले, “पास करा म्हणून एक शब्द बोलले नाहीत ते. मला म्हणाले, हा दिवसभर रद्दीतलं क्रिकेट खेळतो. उद्या माणसं याच्या हाती जीव देणार. हा त्या लायकीचा आहे का, तेवढं खरं सांगा. नसेल तर बागेत घेतो त्याला. मला त्याची लाज वाटायची नाही.” मग त्यांनी हाड पुढे सरकवलं. “मी त्यांना म्हटलं, तोंडी झाली की उत्तर मुलाकडेच सांगेन. हं, बोल, हे काय आहे?”

काय बोललो, देव जाणे. कान नुसते तापले होते. शेवटचं उत्तर संपलं तसा मी उठलो आणि मागे न बघता बाहेर पळालो.

निकाल घेऊन घरी आलो, बाबांच्या पाया पडलो. “पास झालो,” म्हटलं.

“ते झालं रे,” बाबा म्हणाले. “सर तुझ्याकडे काही सांगणार होते. काय म्हणाले?”

ते ऐकायला मी थांबलोच नव्हतो.