लाइट गेल्यावर येणारं गोवा

पणजीच्या एका दुकानदाराने मला एकदा दुरुस्त केलेला रेडिओ नवा म्हणून विकला होता. तो राग माझ्या पोटात होताच. पुढे कॉम्प्युटरला जोडायचे रेडिओ निघाले, तेव्हा ते मागवून देणारा आमच्या बाजूला तोच एक. मी घासाघीस करून दोन डबे आठ दिवसांच्या बोलीवर मालवणला आणले. एक बंद पेटीतला, महाग. दुसरा उघड्या सर्किटचा, निम्म्या किमतीचा. एक ठेवायचा, दुसरा शनिवारी परत.

या डब्यांना काटा नाही. स्टेशन कॉम्प्युटर शोधतो, आवाज पडद्यावर रेघांसारखे दिसतात. मला हवी होती अगदी खालची, लाँग वेव्हची पट्टी. तिथे विमानतळ आपल्या ओळखीची दोन-तीन अक्षरं मोर्समध्ये दिवसभर पाठवत असतात. गोव्याचा विमानतळ ऐकवेल तो डबा खरा, असं मी ठरवलं.

माडाला बांधलेली तार महाग डब्याला जोडली. नुसती घरघर. दुपारी भारनियमनात लाइट गेली, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर स्वस्त डबा लावला. गोवा स्वच्छ आलं. माझं डोकं फिरलं. पुन्हा दुरुस्तीतला माल! फोनवर त्याला नको नको ते बोललो. तो म्हणाला, “दोन्ही डबे एकाच वेळी लावून पाहिलेत का?” इतका शांत माणूस चोरच असणार.

बायको मात्र आतून म्हणाली, “एक डबो लाइट आसताना लावलात, दुसरो लाइट गेल्यार. दोन तराजवांनी मासे कोण तोलता ओ?”

दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर तार आलटून पालटून लावली. दोन्हींवर गोवा सारखंच. चार वाजता लाइट आली आणि दोन्हींवर घरघर. घरातला मेन स्विच पाडला, तरी ती जाईना. म्हणजे गल्लीत कोणीतरी काहीतरी करत होतं.

ती घरघर कुठून येते ते शोधायला छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून निघालो. प्रत्येक दाराशी खरखर वाढायची. शेजारची मासे विकणारी म्हातारी ओट्यावर बसली होती.

“काय रे, चोर शोधतस?”

“काकी, तुमच्या घरात प्लगाक काय लावलला आसा?”

“तुझोच दिवो! लाइट गेल्यार पेटता तो. सदा प्लगातच ठेव म्हणान तूच सांगितलंस मरे.”

तो चार्जिंगचा दिवा मी माझ्या दुकानातून गल्लीतल्या प्रत्येक घराला विकला होता. तिचा प्लग काढला, तशी तिच्या दाराशी खरखर मेली. मी प्लग परत लावला. खरखरीचं कारण सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सगळे दिवे माझ्या दुकानात परत आले असते.

शनिवारी महाग डबा परत केला. दुकानदाराने विचारलं, “मग खराब होता का?”

“माका दुसरो बरो वाटलो,” एवढंच म्हणालो. माफी मागितली नाही. जुन्या रेडिओचा हिशेब बाकी होता.

पुढे भारनियमन होतं तोवर मी रोज लाइट जायची वाट पाहत बसायचो. अख्ख्या गल्लीत तसा मी एकटाच. ते दिवे मला देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला ही घरघर आधीच ठाऊक होती, हा माझा संशय अजून गेलेला नाही.